चिरेखाणीने उघडी पडलेली जमीन पुन्हा हिरवी करणे

रत्नागिरी जिल्ह्यात घर बांधावयाचे म्हटले की प्रथम चिऱ्याची चौकशी होते. घरे, देवळे, विहिरींचे कठडे, बागांचे गडगे ही सर्व या जांभ्या दगडाचीच कामे होत. पूर्वी चिरा पहार व टिकाव यांच्या साहाय्याने हाताने काढीत असत. त्या वेगाने एखादी खाण खोल जाण्यास वर्षानुवर्षे लागत आणि तोवर तिच्या जुन्या बाजूस करवंद, कुडा व गवत आपोआप चढलेले असे. आता यंत्राच्या चक्री पात्याने एकाच हंगामात कित्येक गुंठे जमीन दोन-तीन पुरुष खोल कापली जाते. चिरा संपला की यंत्र पुढच्या जागी जाते. मागे राहतो तो सरळ उभ्या कडांचा चौकोनी खड्डा, तुकड्यांचे ढीग आणि पावसाळ्यात खालच्या भातखाचरांत उतरणारा तांबडा गाळ.

अशी जमीन कायमची वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. तथापि केवळ जून महिन्यात खड्डे पाडून रोपे लावल्याने ती सुधारत नाही, हेही तितकेच खरे आहे. पावसात ती रोपे हिरवी दिसतात आणि पुढील मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक वाळून जातात. दोष रोपांचा नसतो. ज्या जमिनीत माती नाही व पाणी थांबत नाही, तेथे झाडास प्रथम स्थान देणे हाच क्रम चुकीचा होय. प्रथम माती, मग पाणी, मग गवत व शेंगवर्गीय पिके आणि त्यानंतर झाडे, असा क्रम ठेवावा. यांपैकी पहिले काम खाण बंद झाल्यावर नव्हे, तर पहिला चिरा निघण्यापूर्वी करावयाचे असते. प्रस्तुत लेखात त्यावरच विशेष भर दिला आहे.

जांभ्याचा स्वभाव

फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात, विटेस असलेल्या लॅटिन शब्दावरून, त्यास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. जमिनीत असता हा दगड कापण्याजोगा मऊ असतो आणि हवा-ऊन लागताच कठीण होत जातो, ही गोष्ट त्याने तेव्हाच नोंदविली होती. गवंड्यास हा गुण फार उपयोगी पडतो, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तो अडचणीचा आहे. चिऱ्याप्रमाणेच खाणीचा तळही उघडा राहिल्याने कठीण होत जातो. आज ज्या तळात पहार शिरते, त्याच तळात काही उन्हाळ्यांनंतर ती शिरणार नाही. सबब, खाणीचा जो भाग कापून संपला असेल तो, शेजारचा भाग चालू असतानाच, मातीने झाकून घेणे हितावह असते.

दुसरे असे की, हजारो वर्षांच्या पावसाने जांभ्यातील चुना व इतर क्षार धुऊन गेले असून लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आहेत. त्यामुळे ही माती आम्लधर्मी असते. तिच्यात घातलेले स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बांधले जाते आणि पिकास सहजी मिळत नाही. वरच्या थरात पालापाचोळा कुजून जो थोडा कस येतो तेवढाच काय तो रोपांचा आधार असतो. तो थर गेला म्हणजे खाली उरते ते निकस द्रव्य, आणि कितीही खत विकत आणले तरी ती उणीव लवकर भरून निघत नाही.

वरची माती कशी राखावी

खाणीसाठी आखलेल्या जागेवरील झुडपे तोडून झाल्यावर वरची वीतभर माती गवताच्या मुळ्यांसह खरवडून बाजूस काढावी. हे काम एप्रिल-मे महिन्यांत, माती कोरडी असताना करावे. दहा गुंठे जागेवर वीतभर थर असल्यास सुमारे सत्तर ब्रास माती निघते. हीच माती पुढे बाहेरून आणावयाची झाल्यास काय खर्च येईल, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने स्वतः करून पाहावा. कित्येक ठिकाणी ही माती चुरा व दगडांच्या तुकड्यांत मिसळून टाकली जाते किंवा भरावासाठी विकली जाते. यापरते मोठे नुकसान या कामी दुसरे नाही.

मातीचा ढीग पुरुषभर उंचीहून अधिक करू नये. उंच ढिगाच्या पोटात हवा खेळत नाही आणि तेथील गवताचे बी, मुळ्या व उपयुक्त सूक्ष्म जीव मरून जातात. ढिगाच्या वरच्या अंगास पाणी वळविण्याचा चर काढावा व खालच्या अंगास तुकड्यांचा हातभर उंच गडगा रचावा. पाऊस सुरू होताच ढिगावर ताग फोकून द्यावा. त्याने माती धरून राहते व तिचा कसही वाढतो. ढीग पडून राहील तितका निकृष्ट होत जातो, म्हणून शक्य तर पुढच्याच उन्हाळ्यात ती माती संपलेल्या भागावर पसरून टाकावी.

उघड्या कातळावरची खाण असेल तर अशी माती मुळातच थोडी निघते. तेथे खळग्यांतील व भेगांतील माती घमेल्याने का होईना गोळा करून ठेवावी आणि ती सर्व जागेवर पातळ न पसरता झाडांच्या जागी व गवताच्या पट्ट्यांतच वापरावी.

जमीन भाडेकराराने खाणीसाठी देणाऱ्या शेतकऱ्याने ही अट करारात स्पष्ट लिहून घ्यावी: वरची माती निराळी ठेवणे, ती परत पसरणे, उभ्या कडा उतरत्या करणे आणि तुकडे खड्ड्यात भरणे. पैसे हाती पडल्यावर मागितलेली गोष्ट सहसा मिळत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी शेतकऱ्यास करार वाचून दाखविण्याचे साहाय्य अवश्य करावे. कायद्याचा रोखही याच दिशेने आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजांच्या पट्ट्यांसही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. पुढे ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने, खाणकाम संपल्यावर उघड्या पडलेल्या जागेवर पुन्हा गवत वाढवून ती चारा व वनस्पती यांस योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश दिला. न्यायालयाने झाडांआधी गवताचा उल्लेख केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पाण्याची व्यवस्था

रत्नागिरीस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे दहा गुंठ्यांच्या खाणीवर एका पावसाळ्यात निदान तीस लाख लिटर पाणी पडते. हे पाणी वाट फुटेल तिकडे गेले तर पसरलेली माती महिनाभरही टिकणार नाही.

म्हणून खाणीच्या वरच्या अंगास समपातळीच्या किंचित उताराने चर काढून बाहेरचे पाणी खाणीत शिरण्यापूर्वीच जवळच्या पऱ्याकडे वळवावे. आत पडणारे पाणी एकाच ठिकाणाहून बाहेर सोडावे आणि त्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी खड्डा करावा. दहा गुंठ्यांच्या खाणीस निदान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा हवा. मुसळधार पावसात तो लवकर भरतो. उघडीप मिळताच त्यातील गाळ उपसून पुन्हा वरच्या थरांवर टाकावा. खड्ड्याच्या पुढे तुकड्यांचा सैल बांध घालावा व त्याच्या कडेने वाळा लावावा. वाळ्याच्या मुळ्या सरळ खोल जातात आणि माती बांधून ठेवण्यात त्याची बरोबरी करणारे दुसरे गवत या भागात क्वचितच असेल.

पाण्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात घडले. हा मुलूख १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीत साठलेले पाणी जुलै २०२१ मध्ये बांध फुटून चिखलासह गावात शिरले आणि घरांचे व बागायतीचे नुकसान झाले. चिरेखाण त्या मानाने फारच लहान असते. परंतु खाचरात एकदा चार बोटे तांबडा गाळ बसला की त्या वर्षीचे भात गेले, आणि खालचा शेतकरी बहुधा खाणीच्या भाड्याचा वाटेकरी नसतो. गाळाचा खड्डा ही खाणवाल्याची मेहेरबानी नसून खालच्या शेजाऱ्याचा तो हक्क आहे.

सर्व खड्डा भरून काढलाच पाहिजे असे मात्र नाही. तळाशी चिकण माती लागलेली असल्यास एका कोपऱ्यात पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकते आणि ते नव्या रोपांना फार उपयोगी पडते. पाणी टिकत नसेल तर ते मुरून खालच्या विहिरींस जाते, तोही लाभच. मात्र असा कोपरा राखताना त्याच्या एका बाजूस गुरांना व माणसांना चढता-उतरता येईल असा उतार केलाच पाहिजे आणि बाकीच्या तीन बाजूंस छातीइतका गडगा घातला पाहिजे. उभ्या कडांच्या पाण्यात पडलेल्या मुलास अगर वासरास बाहेर येण्यास वाट मिळत नाही. हे काम रोपे लावण्याच्याही आधी उरकावे.

भराव आणि गवत

तुकडे व चुरा खड्ड्यात भरताना मोठे दगड तळाशी, बारीक तुकडे त्यावर व चुरा सर्वांत वर, असा क्रम ठेवावा. उभ्या कडेला टेकून हा भराव केला म्हणजे कडा आपोआप उतरती होते. उतार फार लांब असल्यास मधे दोन हात रुंदीच्या पायऱ्या ठेवाव्यात. भराव एक पावसाळा बसू द्यावा व मगच त्यावर राखलेली माती पसरावी. अन्यथा माती पोकळीतून खाली निघून जाते.

माती पसरल्यावर पहिल्या वर्षी झाडांचा विचार न करता जमीन झाकण्याचाच विचार करावा. उतारावर, जेथे पाणी थांबत नाही तेथे, ताग चांगला येतो. तळाच्या सपाट भागात पाणी साचत असेल तर ताग कुजतो, तेथे धैंचा पेरावा. दोहोंचे बी गुंठ्यास सुमारे अर्धा किलो लागते. फुलोऱ्याच्या सुमारास पीक कापून जागच्या जागी पसरावे. माती उकरून गाडण्याच्या भरीस पडू नये, कारण थर पातळ असतो. त्याबरोबरच स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचे बी गुंठ्यास १०० ग्रॅम या प्रमाणात टाकावे. त्याचे कवच कठीण असल्यामुळे बी कढत, परंतु न उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून, गार करून, ओल्या शेणमातीत कालवून पेरावे. नुसते बी टाकल्यास पहिल्याच सरीबरोबर वाहून जाते. आसपासच्या गवताची पिकलेली कणसे व दाणे नोव्हेंबरात कापून आणून पसरल्यास गावचे गवतही लवकर धरते. त्यास दाम पडत नाही.

रानमोडी मोकळ्या जागेवर इतर कशाहीपेक्षा लवकर घुसते. पहिली दोन वर्षे ती फुलावर येण्यापूर्वीच उपटून काढावी. हिरवी दिसते म्हणून तिला राहू देणारे पुष्कळ आहेत, पण गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि उन्हाळ्यात ती वणव्यास सरपण पुरविते.

झाडांची निवड

गिरिपुष्पाचे हातभर खुंट पहिल्या पावसात गडग्यालगत रोवावे. ते हवेतील नत्र जमिनीत आणते, त्याचा पाला लवकर कुजतो व छाटल्यावर पुन्हा फुटते. दुसऱ्या वर्षापासून हा पाला झाडांच्या अळ्यांत आच्छादन म्हणून घालता येतो.

गोव्यातील लोहखाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू व काजू यांची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. ऑस्ट्रेलियन बाभूळ निकस जमिनीतही झपाट्याने वाढते, यात शंका नाही. परंतु तिचा पाला सावकाश कुजतो, त्याचा जाड थर साचतो आणि खाली दुसरे फारसे काही उगवत नाही. गुरांनाही तिचा उपयोग नाही. थोडी झाडे आडोशासाठी लावून, पुढे काढून टाकावयाची असतील तर हरकत नाही. सबंध खाण तिनेच भरून टाकणे आमच्या मते इष्ट नव्हे.

कडेच्या उतारांवर करवंद, कुडा, कुंभा, आईन, किंजळ, आवळा, जांभूळ, करंज ही याच मातीत वाढलेली झाडे घ्यावीत. तीन मीटर अंतराने गुंठ्यास सुमारे अकरा रोपे बसतात. भेगा असलेल्या उभ्या कडेवर वड, पिंपळ व उंबर पक्ष्यांच्या द्वारे आपणहून येतात. ते तोडू नयेत. पाण्याच्या वाटेवर माणगा बांबू लावल्यास माती धरली जाते व आठ-दहा वर्षांत विक्रीचा मालही मिळतो.

ज्यांस उत्पन्न हवे त्यांनी भराव चांगला बसलेल्या सपाट भागात काजूची कलमे लावावीत. वेंगुर्ले येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या ‘वेंगुर्ला–४’ व ‘वेंगुर्ला–७’ या जाती कोकणात सर्वत्र परिचित आहेत. अंतर सात मीटर ठेवावे. आंब्यास याहून खोल माती लागते, म्हणून खाणीत त्याची घाई करू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कठीण तळात नुसता खड्डा फोडून त्यात माती भरली तर तो हौदासारखा पाण्याने भरतो आणि पावसाळ्यातच मुळ्या कुजतात. त्याऐवजी तळावर तुकड्यांचे गोल अळे दोन फूट उंच रचावे, त्यात माती भरावी आणि कलम त्यावर लावावे. खाली तळ थोडासा फोडून उताराच्या बाजूस पाण्यास वाट ठेवावी. प्रत्येक अळ्यात दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत व किलोभर रॉक फॉस्फेट मिसळावे. आम्ल मातीत हे खत सावकाश विरघळते व मुळांजवळच राहिल्याने वाया कमी जाते. चुना घालावयाचा झाल्यास मातीचा सामू तपासून मगच घालावा. जवळच्या जुन्या झाडाखालील ओंजळभर माती प्रत्येक रोपाच्या मुळांशी टाकल्यास मुळांस साहाय्य करणारी बुरशी नव्या जागेत येते.

सर्वच कातळ ओसाड नव्हे

वरील सर्व विवेचन खाणीने उखडलेल्या जागेपुरतेच आहे. पावसाळ्याबाहेर काळाकुट्ट दिसणारा मूळचा सडा हा पडीक समजून त्यावर माती आणून झाडे लावणे योग्य नाही. त्याच कातळावर जून ते ऑक्टोबर या काळात दीपकाडीची पांढरी फुले व सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे येतात, गुरांना गवत मिळते आणि खालच्या झऱ्यांना पाणी मिळते. दीपकाडी तर कोकणाबाहेर फारशी सापडत नाही. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू अशा गावांच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पेही कोरलेली असून २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. खाणीसाठी जागा देण्यापूर्वी कातळावर अशी रेखाटने आहेत काय, हे वरचे गवत दूर करून पाहून घ्यावे. कापलेले शिल्प परत लावता येत नाही, आणि कापलेल्या सड्यावरील ती फुलझाडेही भराव घालून परत येत नाहीत. ज्या जागेवर ती असतील ती खाणीच्या आखणीतूनच वगळावी.

पुढील देखभाल

पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक कलमास आठवड्यास सुमारे दहा लिटर पाणी मिळाले पाहिजे. खोडाशेजारी सच्छिद्र मडके पुरून ते भरून ठेवल्यास पाणी कमी लागते. दिवाळीनंतर अळ्यांत पेंढा किंवा गिरिपुष्पाचा पाला घालावा. डिसेंबर संपण्यापूर्वी भोवतालचे गवत कापून तीन मीटर रुंदीचा जाळपट्टा स्वच्छ ठेवावा. या भागात वणवा बहुधा शेजारच्या वरकसातूनच येतो. कापलेले गवत गोठ्यात न्यावे. मोकाट गुरे मात्र तीन वर्षे आत सोडू नयेत, कारण गुरांच्या खुरांनी पातळ माती सुटते व ती पुढच्या पावसात वाहून जाते.

रोपांची मोजणी जुलैमध्ये न करता मे महिन्यात करावी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या अहवालात तोच आकडा द्यावा. जेथे रोप मेले असेल तेथे पहिल्यांदा अळे उकरून पाहावे. तळाशी पाणी साचलेले असल्यास वाट मोकळी करावी, माती खचलेली असल्यास भर घालावी, वाळवी असल्यास जुने कुजके लाकूड काढून टाकावे. कारण समजल्यावाचून त्याच जागी दुसरे रोप लावू नये. गाळाच्या खड्ड्याचीही त्याच वेळी पाहणी करावी. खड्ड्यात दरवर्षी कमी गाळ सापडू लागला म्हणजे वरची माती धरू लागली असे समजावे. तोवर पहिला पाऊस येण्यापूर्वी तो रिकामा करून ठेवावा.